सोआवे, वेर्दिक्किओ, फियानो: इटलीच्या दुर्लक्षित पांढऱ्या वाइनची गुणवत्ता कशी ओळखावी

युरोपातल्या एखाद्या बऱ्या वाइनच्या दुकानात फ्रान्सच्या बर्गंडीतल्या मेर्सो गावची पांढरी वाइन घ्यायला गेले तर बाटलीमागे सहसा ५० युरोंहून अधिक मोजावे लागतात, आणि त्याच दुकानात इटलीतल्या नावाजलेल्या उत्पादकाची सोआवे क्लासिको ही पांढरी वाइन साधारण १२ ते १५ युरोंत मिळते. या दोन वाइनची चव वेगळी आहे आणि तिची तुलना करण्यात अर्थ नाही. मात्र डोंगरउतारावरची जुनी बाग, हाताने केलेली तोडणी, निवडून घेतलेले घड आणि तळघरातली सावध देखभाल या गोष्टी दोन्हीकडे असतात, त्यामुळे किमतीत दिसणारे अंतर बाटलीतल्या गुणवत्तेत तेवढे दिसत नाही. हे अंतर कसे पडले हे कळले की इटलीच्या पांढऱ्या वाइनमध्ये चांगली वस्तू वाजवी दरात निवडणे बरेच सोपे होते.

पहिले कारण द्राक्षांच्या स्वभावात आहे. सोव्हिन्यों ब्लां किंवा मस्कट जातीच्या द्राक्षांची वाइन ग्लासात ओतताच तिचा वास जाणवतो. इटलीच्या बहुतेक स्थानिक पांढऱ्या जाती तशा नाहीत. गार्गानेगा, वेर्दिक्किओ, त्रेब्बियानो, कोर्तेझे या जातींचा वास मंद असतो आणि तो हळूहळू उलगडतो. त्यांचे खरे सामर्थ्य तोंडात कळते: आम्लता किती ताजी आहे, घोटाला वजन किती आहे, कडेने खारटपणाची छटा येते का, गिळल्यावर किती वेळ चव रेंगाळते आणि शेवटी किंचित कडसर बदामाची आठवण राहते का. एकामागून एक अनेक वाइन चाखून गुण देणाऱ्यांच्या पंक्तीत अशी वाइन मागे पडते, आणि जेवणाच्या टेबलावर तीच सर्वांत आधी संपते. म्हणून ग्लास नाकाशी नेऊन लगेच निकाल देण्याची सवय असेल, तर या वाइनपुरती ती बाजूला ठेवावी.

दुसरे कारण इतिहासात आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सोआवेचे आहे. वेरोना शहराच्या पूर्वेला सोआवे आणि मोंतेफोर्ते दाल्पोने या दोन गावांभोवती टेकड्यांची रांग आहे. या टेकड्यांवरच्या द्राक्षक्षेत्राची हद्द १९३१ मध्येच राजाज्ञेने आखली गेली होती, म्हणजे इथल्या वाइनची ख्याती तेव्हाही जुनी होती. पुढे १९६८ मध्ये सोआवेला डीओसी हा, म्हणजे ठरलेल्या हद्दीतल्या आणि ठरलेल्या नियमांनी बनवलेल्या वाइनचा अधिकृत दर्जा मिळाला, पण त्या वेळी टेकड्यांच्या पायथ्याची सपाट, सुपीक आणि भरपूर पीक देणारी जमीनही त्याच नावाखाली घेण्यात आली. सोआवेची मुख्य जात गार्गानेगा ही मुळातच जोमाने वाढणारी वेल आहे. सपाट जमिनीत, भरपूर पाण्यावर आणि पारंपरिक मांडवावर वाढवली की ती शेतकऱ्याला भरघोस पीक देते, मात्र अशा द्राक्षांत रस पातळ आणि चव विरळ असते. अमेरिकेत १९७० च्या दशकात सोआवेचा खप प्रचंड वाढला, मोठ्या व्यापाऱ्यांनी आणि सहकारी संस्थांनी टाक्याच्या टाक्या भरल्या, आणि सोआवे म्हणजे स्वस्त, थंडगार, बेचव वाइन अशी समजूत घट्ट झाली. दर्जा खालावल्याची ही समजूत त्या काळापुरती खरीच होती. अन्याय झाला तो टेकडीवरच्या शेतकऱ्यांवर, कारण त्यांची मेहनत आणि पायथ्याची वाइन एकाच नावाने आणि जवळपास एकाच भावाने विकली जाऊ लागली.

अशा काळातही काही घराण्यांनी आपली रीत सोडली नाही. पिएरोपान घराण्यातल्या लेओनिल्दो पिएरोपान यांनी १९७१ च्या हंगामात काल्वारीनो नावाच्या एकाच बागेतल्या द्राक्षांची वाइन वेगळी भरून बाटलीवर त्या बागेचे नाव छापले. सोआवेच्या बाबतीत तेव्हा ही कल्पनाच नवी होती. काल्वारीनोची जमीन ज्वालामुखीजन्य काळ्या बसाल्टची आहे, तिथे गार्गानेगासोबत त्रेब्बियानो दी सोआवे ही जात मिसळली जाते, आणि वाइन ओकच्या पिंपात न ठेवता आतून काचेचा लेप दिलेल्या सिमेंटच्या टाक्यांत मुरवली जाते. त्याच घराण्याची ला रोक्का ही दुसरी वाइन चुनखडीयुक्त चिकण मातीतल्या, उशिरा तोडलेल्या निव्वळ गार्गानेगाची असते आणि ती लाकडात मुरते. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या, तर एकच द्राक्ष किती निरनिराळे बोलू शकते ते लगेच कळते: काल्वारीनो सडसडीत, लिंबासारखी धारदार आणि खारट कडेची, तर ला रोक्का भरदार, पिवळ्या सफरचंदाची आणि मधाची छटा असलेली.

जमिनीचा विषय निघाला आहे तर एक खुलासा करायला हवा. ज्वालामुखीच्या मातीतल्या वाइनला दगडाची किंवा राखेची चव येते असे विक्रेते सर्रास सांगतात. वेलीची मुळे खडकातली चव शोषून द्राक्षात नेतात याला शास्त्राचा आधार नाही. मातीचा परिणाम आडमार्गाने होतो: पाणी किती वेगाने निचरते, वेलीला किती ताण पडतो, जमीन ऊन किती धरून ठेवते, यावर द्राक्षातली साखर, आम्ल आणि सालीची जाडी ठरते. सोआवेच्या बसाल्टच्या टेकड्यांवरची वाइन खारट आणि ताठ लागते हे निरीक्षण खरे आहे. २०१९ मध्ये सोआवेतल्या ३३ उपक्षेत्रांची नावे बाटलीवर छापण्याची अधिकृत परवानगी देण्यात आली. बाटलीवर असे उपक्षेत्राचे नाव दिसले, तर उत्पादकाने ती द्राक्षे वेगळी सांभाळली आहेत एवढी हमी मिळते.

आता अशी एक बाटली उघडून बघू. साधी सोआवे क्लासिको, दोन वर्षांपूर्वीच्या हंगामाची. रंग फिकट गवती, कडेला हिरवट झाक. पहिल्या वासात फारसे काही सापडत नाही. ग्लास दोन-तीनदा फिरवून पाचेक मिनिटे थांबले की शेवंतीच्या जवळ जाणारा कॅमोमाइलचा गंध येतो, मग पिकलेल्या सफरचंदाचा आणि जरा दूरवर ताज्या बदामाचा. घोट घेतल्यावर आधी जिभेच्या दोन्ही कडांना आम्लता जाणवते आणि तोंडाला पाणी सुटते. मग मध्यभागी एक मऊ, जवळजवळ तेलकट भरीवपणा येतो. गिळल्यानंतर गोडवा उरत नाही, बदामाच्या सालीचा सौम्य कडवटपणा उरतो. नव्याने चाखणाऱ्याला हा कडवटपणा दोष वाटण्याची शक्यता असते. तो या द्राक्षाचा स्वभाव आहे, आणि त्याच्यामुळेच पुढचा घास खावासा वाटतो. पाणचट सोआवेत नेमका हा मधला भरीवपणा आणि शेवटचा कडवटपणा गायब असतो: सुरुवातीला आंबट, मग काहीच नाही.

दुकानात मात्र बाटली उघडून बघता येत नाही, तिथे लेबलच वाचावे लागते. डीओसी आणि डीओसीजी या अक्षरांचा अर्थ इतकाच की वाइन ठरलेल्या हद्दीतली, ठरलेल्या जातींची आणि ठरलेल्या नियमांनी बनवलेली आहे. डीओसीजीचे नियम अधिक कडक असतात आणि तिच्या बाटलीवर क्रमांक असलेली सरकारी पट्टी चिकटवलेली असते. ही अक्षरे चवीची हमी देत नाहीत. खरेदीच्या दृष्टीने क्लासिको हा शब्द जास्त उपयोगी आहे, कारण तो त्या नावाच्या मूळ, जुन्या पट्ट्यापुरताच वापरता येतो. सोआवेच्या बाबतीत क्लासिको म्हणजे टेकड्या. सुपेरिओरे म्हणजे द्राक्षे जरा अधिक पिकलेली आणि वाइनमध्ये अल्कोहोलचे किमान प्रमाण जास्त. रिझेर्वा म्हणजे विक्रीआधी अधिक काळ मुरवलेली. यांपेक्षाही महत्त्वाचा मजकूर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो: ज्याने द्राक्षे पिकवली त्यानेच बाटली भरली आहे, की कोणा व्यापाऱ्याने तयार वाइन विकत घेऊन फक्त भरली आहे. शेतकऱ्याने स्वतः भरलेली वाइन दरवेळी सरस असते असे नाही, आणि काही सहकारी संस्था उत्कृष्ट काम करतात, त्यांतली उत्तर इटलीच्या आल्तो आदिजेमधली तेर्लानची संस्था तर पांढऱ्या वाइनसाठी जगभर मान मिळवून आहे. तरीही दोन अनोळखी बाटल्यांपैकी एक निवडायची झाली, तर मी शेतकऱ्याच्या नावाची निवडतो. उलट, डीओसी हे शब्द नसले म्हणजे वाइन हलकी, असेही समजू नये. सोआवेतले नामांकित उत्पादक रोबेर्तो आन्सेल्मी यांनी २००० च्या सुमारास नियमांच्या शिथिलतेला कंटाळून सोआवे हे नावच सोडले, आणि तेव्हापासून त्यांच्या टेकडीवरच्या वाइन नुसत्या व्हेनेतो प्रांताच्या नावाने विकल्या जातात.

सोआवेपेक्षाही अधिक उपेक्षा ज्या वाइनची झाली आहे असे मला मनापासून वाटते, ती म्हणजे मध्य इटलीच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या मार्के प्रांताची वेर्दिक्किओ. हिची गोष्टही काहीशी तशीच आहे. फात्सी बात्ताल्या या कंपनीने १९५३ मध्ये प्राचीन मातीच्या कुंभासारखी कमनीय हिरवी बाटली तयार करून घेतली. ती इतकी लोकप्रिय झाली की काही दशके वेर्दिक्किओ म्हणजे समुद्रकाठच्या खानावळीतली ती बाटली, हीच ओळख राहिली आणि आतल्या वाइनकडे गांभीर्याने बघायचे राहून गेले. प्रत्यक्षात हे द्राक्ष इटलीतल्या सर्वांत गुणी पांढऱ्या जातींपैकी एक आहे. त्याची आम्लता उन्हाळ्यातही टिकते आणि तरी घोट भरीव असतो. हे दोन गुण एकत्र सहसा सापडत नाहीत, आणि ज्या द्राक्षात सापडतात त्याची वाइन साधीही छान होते, तशीच मुरवताही येते. जनुकीय तपासणीत ही जात आणि सोआवेत मिसळली जाणारी त्रेब्बियानो दी सोआवे एकच असल्याचे दिसून आले आहे, आणि गार्दा सरोवराकाठच्या लुगाना या वाइनचे द्राक्षही त्याच गोत्रातले आहे. पर्यटकांच्या गर्दीमुळे लुगानाचा भाव गेल्या काही वर्षांत चढत गेला, वेर्दिक्किओचा तितका चढला नाही.

वेर्दिक्किओचे दोन पट्टे आहेत. येसी गावाभोवतीचा मोठा पट्टा समुद्राकडे उघडा असल्याने तिथली वाइन उबदार, गोलाईची, पिवळ्या फळांची असते. मातेलिकाचा पट्टा छोटा आहे; मार्केमधल्या इतर दऱ्या समुद्राकडे धावतात, ही मात्र उत्तर-दक्षिण पसरलेली आणि डोंगरांनी बंद केलेली आहे, त्यामुळे समुद्राची ऊब इथे पोहोचत नाही. दिवसा ऊन, रात्री गारठा, उशिरा होणारी तोडणी, आणि परिणामी अधिक ताठ, लिंबू आणि बडीशेपेच्या वासाची वाइन. कोल्लेस्तेफानो किंवा ला मोनाचेस्का यांची मातेलिका आणि सार्तारेल्ली, गारोफोली किंवा बुच्ची यांची येसी शेजारी ठेवून चाखण्यासारखा सोपा आणि स्वस्त धडा वाइनच्या अभ्यासात क्वचितच मिळतो. येसीच्या क्लासिको सुपेरिओरे दर्जाच्या चांगल्या बाटल्या युरोपात साधारण १० ते १५ युरोंत मिळतात. रिझेर्वाला २०१० च्या सुमारास डीओसीजी दर्जा मिळाला असून तिला किमान १८ महिने मुरवावे लागते, त्यांतले सहा महिने बाटलीत. विल्ला बुच्ची रिझेर्वा ही या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध वाइन. ती जुन्या, भल्यामोठ्या ओकच्या पिंपांत मुरते. पिंप मोठे आणि जुने असल्याने लाकडाचा व्हॅनिलासारखा वास वाइनवर चढत नाही, फक्त सावकाश हवा मिळत राहते.

इथे मुरण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पांढरी वाइन ताजीच प्यायची असते हा समज या वाइनच्या स्वस्ताईला हातभार लावतो. किण्वन संपले की किण्वाच्या (यीस्टच्या) मृत पेशी टाकीच्या तळाशी गाळ म्हणून बसतात. घाईच्या उत्पादनात वाइन त्या गाळावरून लगेच काढून गाळली जाते आणि वसंतात बाजारात येते. काळजीने काम करणारा उत्पादक तिला काही महिने, कधी वर्षभर, बारीक गाळावर राहू देतो. पेशी हळूहळू विघटित होतात, वाइनला मऊपणा आणि पावाच्या कवचासारखा सूक्ष्म वास येतो, आणि गाळ प्राणवायू शोषत असल्याने वाइन ताजी राहते. लाकडाचा खर्च न करता भरीवपणा मिळवण्याचा हा मार्ग आहे. यासाठी वेळ लागतो आणि तेवढा काळ पैसा अडकून पडतो, म्हणून दोन वर्षे मागचा हंगाम विकायला ठेवणारा छोटा उत्पादक दिसला, तर त्याची बाटली उचलून बघावी.

दक्षिणेकडे कांपानिया प्रांतात उतरले की वाचकाच्या मनात ऊन, समुद्र आणि व्हेसुव्हियस येतो. फियानो दी आवेल्लीनो या वाइनचा प्रदेश मात्र किनाऱ्यापासून आत, इर्पीनियाच्या डोंगरांत आहे: चेस्टनट आणि हेझलनटची झाडे, कडक हिवाळा, भरपूर पाऊस, आणि साधारण ४०० ते ६०० मीटर उंचीवरच्या बागा. फियानो ही जात कमी पीक देते, म्हणून विसाव्या शतकात शेतकऱ्यांनी ती उपटून टाकली आणि ती जवळजवळ संपली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मास्त्रोबेरार्दीनो घराण्याने, विशेषतः आंतोनियो मास्त्रोबेरार्दीनो यांनी, अधिक पीक देणाऱ्या बाहेरच्या जाती लावण्याचा मोह टाळून फियानो आणि ग्रेको या स्थानिक जाती पुन्हा लावल्या. आज या वाइन दुकानात दिसतात त्या त्या निर्णयामुळे. दोघींनाही २००३ मध्ये डीओसीजी दर्जा मिळाला.

तरुण फियानो नाशपाती, लिंबाची साल आणि पाइनच्या पानांसारखी वास देते. तीन-चार वर्षांनी तिच्यात भाजलेल्या हेझलनटची, मधाची आणि धुराची छटा येते, जरी ती धुराजवळही गेलेली नसते आणि बहुधा लाकडातही ठेवलेली नसते. लापिओ गावची फियानो भरदार, मोंतेफ्रेदाने आणि सुम्मोंते या गावांची अधिक कणखर, असे ढोबळमानाने म्हणता येते. किंमत १३ ते २० युरो. दहा वर्षे टिकू शकणाऱ्या पांढऱ्या वाइनसाठी हा दर मला आजही विलक्षण कमी वाटतो. ग्रेको दी तूफो ही तिची शेजारीण अधिक दणकट: रंगाने गडद, सालीतून येणारा हलका तुरटपणा असलेली, आणि तूफो गावाजवळ गंधकाच्या जुन्या खाणी असलेल्या प्रदेशातली. याहून स्वस्त आणि लगेच प्यायला हवी असेल, तर त्याच प्रांताची फालांगीना घ्यावी.

बाकीच्यांची नुसती ओळख पुरेशी आहे. सार्डिनियाच्या उत्तरेची वेर्मेंतीनो दी गाल्लूरा ग्रॅनाइटच्या जमिनीतली, खारट आणि वनौषधींच्या वासाची. अब्रुत्सो आणि मार्केमधली पेकोरीनो, नामशेष होता होता १९८० च्या दशकात पुन्हा लावली गेलेली, आम्लता आणि अल्कोहोल दोन्ही भरपूर असलेली. सिसिलीची ग्रिल्लो आणि कातार्रात्तो, ज्या एके काळी मार्साला या तिथल्या अल्कोहोल मिसळलेल्या वाइनसाठी वापरल्या जात आणि आता स्वतंत्रपणे फार चांगल्या होतात. एत्नाच्या उतारांवरची कार्रिकान्ते आणि पीदमाँतची तिमोरास्सो या अप्रतिम आहेत, पण त्यांची कीर्ती पसरली आणि भावही वाढला, त्यामुळे या लेखाच्या विषयात त्या आता बसत नाहीत.

वाइन कोणतीही घेतली तरी ती किती थंड प्यायची यावर निम्मा अनुभव अवलंबून असतो. घरच्या फ्रिजचे तापमान साधारण ४ अंश असते. त्या थंडीत मंद वासाची वाइन पूर्ण गप्प होते, आणि साधी व चांगली यांतला फरकच कळेनासा होतो. सोआवे आणि वेर्दिक्किओसाठी १० ते १२ अंश योग्य. रिझेर्वा किंवा जुनी फियानो असेल तर आणखी एखादा अंश चालतो. बाटली फ्रिजमधून काढून वीस मिनिटे बाहेर ठेवावी, उन्हाळ्यात त्याहून कमी. अरुंद बासरीसारखा ग्लास टाळावा आणि साधा पोटाचा, तोंडाशी निमुळता ग्लास घ्यावा.

जेवणाबाबत त्या त्या प्रांताची रीत हाच चांगला मार्गदर्शक आहे. मार्केच्या किनाऱ्यावर आंकोनाचे ब्रोदेत्तो, म्हणजे अनेक जातींच्या माशांचे रस्सेदार कालवण, वेर्दिक्किओसोबत खातात. वेरोनाकडे सोआवेसोबत भाजीचा रिझोत्तो आणि सरोवरातले मासे असतात. कोकणी किंवा गोव्याच्या स्वयंपाकातही तळलेली सुरमई, बांगडा, कालवे यांच्याशी वेर्दिक्किओची आम्लता उत्तम जुळते आणि नारळाच्या सौम्य रश्शाला फियानोचे वजन पेलते. तिखट मसाल्याशी मात्र या वाइन लावू नयेत, कारण मिरचीमुळे त्यांचा शेवटचा कडवटपणा अंगावर येतो.

भारतात राहणाऱ्या वाचकाने किमतीचे गणित वेगळे मांडायला हवे. आयात वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे आणि त्यावर राज्याचे कर वेगळे, त्यामुळे इटलीत १२ युरोंची असलेली बाटली मुंबईत वाजवी राहत नाही. शिवाय इथल्या दुकानात प्रखर दिव्याखाली उभ्या ठेवलेल्या बाटलीतली वाइन उष्णतेने मेलेली असू शकते. बूच वर सरकलेले, गळ्याशी चिकट ओघळ किंवा वयाच्या मानाने फारच पिवळा रंग दिसला, तर ती घेऊ नये आणि शक्यतो अलीकडचाच हंगाम निवडावा. फ्रँकफर्ट, लंडन किंवा मिलानमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना या अडचणी नाहीत. त्यांनी सुरुवात येसीच्या क्लासिको सुपेरिओरेने करावी: एकाच उत्पादकाच्या, एकाच हंगामाच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक या आठवड्यात माशासोबत उघडावी, आणि दुसरी घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी ठेवून तीन वर्षांनी उघडावी.